बोलण्यातलं ‘आणि’ वेगळं, फिल्टरमधलं ‘अँड’ वेगळं: डेटात शोधताना अटी जोडायच्या कशा

फिल्टरची एक वाईट खोड आहे, चुकला तरी बोलत नाही. फॉर्म्युला चुकला तर निदान एरर-बिरर काहीतरी दिसते, फिल्टर मात्र चुकीची अट दिली तरी गुपचूप काही ओळी समोर टाकतो आणि आपण त्याच खऱ्या धरून रिपोर्ट पाठवून मोकळे होतो. मी एकदा पेंडिंग कंप्लेंटची यादी अशीच काढून दिली होती, दोन दिवसांनी एकाने विचारलं की माझी कंप्लेंट अजून सुटली नाहीये पण तुमच्या यादीत ती नाहीच. शोधत गेलो तर तो एकटा नव्हता, अशा बऱ्याच ओळी गायब होत्या. का गायब होत्या ते पुढे रिकाम्या सेलच्या भागात सांगतो, पण तेव्हापासून फिल्टर लावायची माझी पद्धत बदलली, तीच इथे लिहितोय.

उदाहरणाला एकच यादी धरून चालू, म्हणजे डोक्यात गोंधळ नको. पाच हजार ओळींची कंप्लेंटची शीट आहे आणि तिच्यात पाच कॉलम आहेत: ए मध्ये तारीख, बी मध्ये विभाग, सी मध्ये स्थिती, डी मध्ये वर्णन (हे लोकांनी मनाला येईल तसं टाईप केलेलं), ई मध्ये कंप्लेंट कोणाकडे आहे त्याचं नाव. एक्सेल असो, गूगल शीट्स असो की डेटाबेस, प्रश्न सगळीकडे तेच येतात. आणि हो, फॉर्म्युले मी इथे वाचायला सोपे म्हणून देवनागरीत लिहिलेत, तुम्ही टाईप करताना फंक्शनची नावं आणि कॉलमची अक्षरं इंग्रजीतच टाकायची.

फिल्टर लावायच्या आधी

हे कंटाळवाणं आहे म्हणून पटकन उरकतो. हेडिंगची ओळ एकच पाहिजे. मर्ज केलेले सेल असतील तर सोडवा. मधे पूर्ण रिकामी ओळ असेल तर ती काढा, कारण एक्सेलला एकच सेल निवडून फिल्टर लावायला सांगितलं की तो सलग डेटा जिथे तुटतो तिथेच थांबतो आणि खालच्या ओळी फिल्टरमध्ये येतच नाहीत. सर्वात सोपं म्हणजे कंट्रोल टी दाबून टेबल करून टाका, पण रेंज बरोबर घेतलीय ना हे तिथेही एकदा बघा.

मग स्पेस. ‘विक्री’ आणि ‘विक्री ’ (शेवटी स्पेस) हे डोळ्याला एकच, सॉफ्टवेअरला मात्र दोन वेगळे शब्द असू शकतात. ट्रिम फंक्शनने साध्या स्पेस जातात, पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या डेटात बऱ्याचदा नॉन-ब्रेकिंग स्पेस असते, तिचा कोड १६०, आणि ट्रिम तिला हात लावत नाही. तिच्यासाठी सबस्टिट्यूट वापरून कॅरॅक्टर १६० च्या जागी साधी स्पेस टाकायची आणि मग ट्रिम.

पहिली पायरी: प्रश्न आधी कागदावर, साध्या मराठीत

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. साहेब म्हणतात, ‘विक्री आणि सर्व्हिसच्या कंप्लेंट काढून दे.’ तुम्ही सरळ लिहिता: विभाग बरोबर विक्री अँड विभाग बरोबर सर्व्हिस. उत्तर येतं शून्य ओळी. कारण एका ओळीच्या विभागाच्या सेलमध्ये एकच नाव आहे, ते एकाच वेळी विक्री पण आणि सर्व्हिस पण कसं असेल? साहेबांच्या ‘आणि’चा अर्थ होता दोन्ही ढीग एकत्र कर. फिल्टरच्या ‘अँड’चा अर्थ आहे एकाच ओळीला दोन्ही अटी लागू पडल्या पाहिजेत. म्हणजे इथे पाहिजे होतं ‘ऑर’.

फिल्टर एका वेळी एकच ओळ बघतो, हे डोक्यात पक्कं बसवा. तो प्रत्येक ओळीपाशी थांबतो, विचारतो ‘तू या अटीत बसतेस का?’ आणि हो किंवा नाही म्हणून पुढे जातो. त्यामुळे तुमचं वाक्यही एका ओळीबद्दल लिहा: ‘अशी ओळ दाखव जिचा विभाग विक्री आहे किंवा सर्व्हिस आहे.’ असं लिहिलं की ‘आणि’ आपोआप गळून ‘किंवा’ येतो. माझा ढोबळ नियम असा की एकाच कॉलमवर दोन ‘बरोबर’च्या अटी असतील तर ऑर, वेगवेगळ्या कॉलमवर असतील तर बहुतेक वेळा अँड. अपवाद दोन: एक म्हणजे रेंज, ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ हा एकाच कॉलमवरचा अँड आहे. दुसरा म्हणजे वर्णनासारखा मोठा मजकूर, त्यात ‘मोटर’ आणि ‘आवाज’ दोन्ही शब्द एकाच सेलमध्ये असू शकतात, तिथे अँड चालतो.

आता नकार आला की हेच सगळं उलटं होतं आणि भलेभले गडबडतात. ‘विक्री किंवा सर्व्हिस सोडून बाकी सगळं दे.’ लिहिलं: विभाग विक्री नाही ऑर विभाग सर्व्हिस नाही. रिझल्ट? सगळ्या पाच हजार ओळी. कारण विक्रीची ओळ ‘सर्व्हिस नाही’ या अटीत बसते आणि सर्व्हिसची ओळ ‘विक्री नाही’ या अटीत, कोणीच बाहेर जात नाही. बरोबर अट: विक्री नाही अँड सर्व्हिस नाही. नकार कंसाच्या आत नेला की ऑरचा अँड होतो आणि अँडचा ऑर, याला डी मॉर्गनचा नियम म्हणतात, ऑगस्टस डी मॉर्गन हे १९ व्या शतकातले गणितज्ञ. त्यांच्याच काळातल्या जॉर्ज बूलने १८४७ मध्ये तर्काचं असं गणित मांडलं, म्हणून या अँड-ऑर-नॉटला बूलियन म्हणायचं.

दुसरी पायरी: साधा बाणवाला फिल्टर, त्याच्या मर्यादेसकट

एक्सेलमध्ये डेटात कुठेही क्लिक करून कंट्रोल शिफ्ट एल. हेडिंगवर बाण येतात. एका कॉलमच्या यादीत तुम्ही दोन-तीन टिक केल्या की त्या आपसात ऑर, आणि दुसऱ्या कॉलममध्येही काही टिक केलं की ते पहिल्याशी अँड. एवढ्यावर रोजचं बरंचसं काम भागतं.

त्या यादीच्या वर सर्चचा डबा असतो, त्यात ‘मोटर’ टाकलं की मोटर असलेल्या सगळ्या नोंदी टिक होतात. ओके केलं. आता ‘पंप’च्याही पाहिजेत तर परत डब्यात पंप टाकून ओके केलं की मोटरवाल्या जातात! तिथे यादीत ‘ॲड करंट सिलेक्शन टू फिल्टर’ असा चौकोन दिसतो, त्यावर टिक करून मग ओके करा, म्हणजे जुन्यात नवीन मिसळतं. अजून एक, ही यादी १०,००० पर्यंतच वेगवेगळ्या नोंदी दाखवते, त्यामुळे मोठ्या डेटात ‘यादीत दिसलं नाही म्हणजे डेटात नाही’ असं समजू नका. अशा वेळी टेक्स्ट फिल्टर्समध्ये जाऊन ‘कंटेन्स’ वापरा. त्या कस्टमच्या खिडकीत दोन अटी अँड किंवा ऑरने जोडता येतात, तिसरीला जागाच नाही.

खरी अडचण पुढे आहे. ‘विभाग विक्री आहे किंवा वर्णनात बिल हा शब्द आहे’ अशी दोन वेगळ्या कॉलममधली ऑर बाणवाल्या फिल्टरने होतच नाही, कारण कॉलम-कॉलममध्ये तो अँडच लावतो. इथे लोक दोनदा फिल्टर लावून, दोनदा कॉपी करून चिकटवतात आणि दोन्हीत बसणाऱ्या ओळी डबल होतात. त्यापेक्षा शेजारी एक मदतीचा कॉलम करा:

=ऑर(बी२="विक्री", इझनंबर(सर्च("बिल",डी२)))

यात सर्च ‘बिल’ कुठे आहे ते शोधतो आणि सापडलं तर आकडा देतो, आकडा आला का ते इझनंबर बघतो. खालपर्यंत ओढा आणि त्या कॉलमवर ‘ट्रू’ एवढाच फिल्टर लावा. मला तर हा मदतीचा कॉलम सगळ्यात आवडतो, कारण अट डोळ्यासमोर राहते, सहा महिन्यांनी फाईल उघडली तरी कळतं की आपण काय केलं होतं.

तिसरी पायरी: ॲडव्हान्स्ड फिल्टर

डेटा टॅबमध्ये सॉर्ट अँड फिल्टरच्या गटात ‘ॲडव्हान्स्ड’ नावाचं बटण आहे, जुनं आहे, फार कोणी दाबत नाही, पण अँड आणि ऑर समजून घ्यायला यासारखं दुसरं काही नाही. शीटवर बाजूला अटींचा छोटा तक्ता करायचा, वर हेडिंग अगदी मूळ हेडिंगसारखंच (एक स्पेस जास्त झाली तरी जुळणार नाही, म्हणून टाईप करू नका, कॉपी करा). नियम फक्त दोन: एका आडव्या ओळीत लिहिलेल्या अटी म्हणजे अँड, खाली नवीन ओळ म्हणजे ऑर.

विभाग | स्थिती
विक्री | पेंडिंग
सर्व्हिस | पेंडिंग

हा झाला ‘विक्री किंवा सर्व्हिस, आणि दोन्हीतल्या फक्त पेंडिंग’. पेंडिंग दोनदा लिहिलंय ते चुकून नाही. दुसऱ्या ओळीत ते लिहायचं विसरलात तर विक्रीच्या पेंडिंग आणि सर्व्हिसच्या सगळ्याच, सुटलेल्या धरून, येतील. तारखेची रेंज पाहिजे असेल तर ‘तारीख’ हे हेडिंग शेजारी-शेजारी दोनदा लिहायचं, एकाखाली पासूनची अट, दुसऱ्याखाली पर्यंतची.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, अटींच्या रेंजमध्ये चुकून एक रिकामी ओळ निवडली गेली तर रिकामी ओळ म्हणजे ‘काहीच अट नाही’, ती ऑरने जोडली जाते आणि सगळा डेटा येतो. दुसरा जास्त वाईट: नुसतं ‘विक्री’ लिहिलं तर एक्सेल त्याचा अर्थ ‘विक्रीने सुरू होणारं’ असा घेतो, त्यामुळे ‘विक्रीपश्चात सेवा’ हा वेगळा विभाग असेल तर तोही आत शिरतो. नेमकं तेवढंच पाहिजे असेल तर अटीच्या सेलमध्ये ="=विक्री" असं लिहायचं, दिसायला विचित्र आहे पण चालतं.

चौथी पायरी: कंस

समजा विक्रीच्या ४० कंप्लेंट आहेत, त्यातल्या १० पेंडिंग. सर्व्हिसच्या ३०, त्यातल्या ५ पेंडिंग. डेटाबेसवर कोणी अशी अट लिहिली:

विभाग = 'विक्री' ऑर विभाग = 'सर्व्हिस' अँड स्थिती = 'पेंडिंग'

तुम्हाला वाटेल १५ येतील. येतात ४५. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आधी नॉट, मग अँड, मग ऑर असा मान आहे, गणितात बेरजेआधी गुणाकार करतो तसंच. म्हणून पेंडिंगची अट फक्त सर्व्हिसला चिकटली, विक्रीच्या चाळीसच्या चाळीस आल्या. उपाय म्हणजे ऑरचा भाग कंसात घालणे: (विक्री ऑर सर्व्हिस) अँड पेंडिंग.

आणि हा क्रमही सगळीकडे सारखा नाही. वैद्यकीय शोधनिबंध शोधायची पबमेड ही साईट अट डावीकडून उजवीकडे जशी येईल तशी वाचते, म्हणजे वरचीच अट तिथल्या पद्धतीने वाचली तर कंसाशिवायही १५ वाली गाळणी होईल, तीच अट क्रम बदलून लिहिली की परत वेगळं. कोणतं सॉफ्टवेअर काय करतं हे पाठ करण्यापेक्षा अँड आणि ऑर एकाच अटीत आले की कंस टाकायचाच, गरज असो वा नसो. इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरच्या क्वेरी स्ट्रिंगमध्ये हे शब्द कॅपिटल अक्षरांत लिहावे लागतात, लहान अक्षरांत लिहिले तर तो त्यांनाही शोधायचा शब्दच समजतो.

फॉर्म्युल्यातला फिल्टर, गुणाकार आणि बेरीज

एक्सेल २०२१ पासून आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये फिल्टर नावाचं फंक्शन आहे:

=फिल्टर(ए२:ई५००१, (बी२:बी५००१="विक्री")*(सी२:सी५००१="पेंडिंग"), "काही नाही")

मधलं * म्हणजे अँड. खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०, दोन्ही खरं असेल तरच गुणाकार १ येतो. ऑर पाहिजे तर +, दोन्ही खरं असेल तर २ येतील पण शून्य सोडून काहीही चालतं. चौथ्या पायरीतली अट इथे ((बी२:बी५००१="विक्री")+(बी२:बी५००१="सर्व्हिस"))*(सी२:सी५००१="पेंडिंग") अशी, आणि बेरजेभोवतीचा कंस विसरलात की परत तेच ४५. शेवटचं “काही नाही” द्यायला विसरू नका, नाहीतर एकही ओळ जुळली नाही की एरर येते.

गूगल शीट्समध्येही हेच फंक्शन आहे, तिथे अँडसाठी अटी नुसत्या स्वल्पविरामाने लिहिल्या तरी चालतात, ऑरला मात्र + च. तिथली क्वेरी फंक्शन अजून मोकळी आहे, कंटेन्स, स्टार्ट्स विथ, मॅचेस असं सगळं लिहिता येतं, फक्त ती इंग्रजी अक्षरांत लहान-मोठं अक्षर वेगळं धरते, एक्सेलचा साधा फिल्टर धरत नाही.

पाचवी पायरी: कीवर्ड, म्हणजे खरी डोकेदुखी

विभागाच्या कॉलममध्ये ठरलेली नावं असतात, वर्णनात लोकांनी लिहिलेलं असतं. एकच गोष्ट कोणी ‘पंखा बंद’, कोणी ‘पंख्याचा आवाज येतो मग थांबतो’, कोणी ‘फॅन डेड’ असं लिहितो. इथे एक शब्द टाकून शोधणं म्हणजे अर्धा डेटा सोडून देणं.

पद्धत अशी: प्रश्नातल्या कल्पना वेगळ्या काढा. ‘पंखा चालत नाही’ यात दोन कल्पना आहेत, वस्तू आणि बिघाड. प्रत्येक कल्पनेखाली तिचे सगळे शब्द लिहा. वस्तू: पंखा, फॅन. बिघाड: बंद, चालत नाही, चालू होत नाही, नादुरुस्त, डेड, थांबतो. एका कल्पनेचे शब्द आपसात ऑरने एका कंसात, आणि दोन कंस एकमेकांना अँडने. शब्द कुठून आणायचे? डोक्यातून नाही, डेटातून. वर्णनाच्या कॉलममधल्या पन्नास-एक ओळी नुसत्या वाचून काढा, लोक काय काय लिहितात ते कळतं, यात जाणारी पंधरा मिनिटं पुढे वाचतात.

मराठीत सामान्यरूपाची भानगड आहेच. ‘पंखा’ शोधलं तर ‘पंख्याचा’, ‘पंख्यातून’, ‘पंखे’ सापडत नाहीत, कारण त्यांच्यात पंखा ही अक्षरं नाहीतच. म्हणून शब्दाचा न बदलणारा तुकडा शोधायचा: ‘पंख’. ‘दरवाजा’साठी ‘दरवाज’, ‘पाणी’साठी ‘पाण’ करून बघा, पण मग ‘पाण’मध्ये ‘पाणबुडी’पण येते. ‘बटण’सारख्या शब्दांना ही अडचण नाही, ‘बटणाचं’ मध्ये बटण आहेच.

तुकडा छोटा केला की कचरा वाढतो. ‘तार’ म्हणजे वायर या अर्थाने शोधायला गेलो तर ‘तारीख’ लिहिलेली प्रत्येक ओळ आली. ‘बंद’ शोधलं तर ‘बंदोबस्त’. अशा वेळी लोक नॉट लावतात, ‘तार अँड नॉट तारीख’, आणि मग ‘तार तुटली, तारीख १२’ ही खरी कामाची ओळच उडते. नॉट पूर्ण ओळ काढतो, नुसता शब्द नाही. माझ्या मते कीवर्डमध्ये नॉट शेवटचा उपाय, आणि लावलाच तर त्याने काय काय काढलं ते एकदा उलटा फिल्टर लावून बघायचं. सगळ्यात भारी फसगत ही: सुटलेल्या कंप्लेंट गाळायच्या म्हणून ‘नॉट दुरुस्त’ लावलं तर ‘नादुरुस्त’ पण गाळलं जातं, त्याच्या पोटात दुरुस्त आहे ना, आणि ‘अजून दुरुस्त झालं नाही’ तेही गेलं. म्हणजे ज्या पाहिजे होत्या नेमक्या त्याच गेल्या.

वाईल्डकार्डबद्दल थोडक्यात. एक्सेलमध्ये * म्हणजे कितीही अक्षरं, ? म्हणजे एक अक्षर, आणि खरोखरच ? शोधायचं असेल तर त्याच्या आधी ~ टाकायचं. एसक्यूएलमध्ये मजकुराचा तुकडा शोधायला ‘लाईक’ असतो, त्यात त्याच कामाला % आणि _ . वरच्या फिल्टर फंक्शनमध्ये = च्या पुढे वाईल्डकार्ड चालत नाही, तिथे इझनंबर आणि सर्चची जोडी वापरायची. लाईक लहान-मोठं अक्षर बघतो का हे डेटाबेसवर अवलंबून आहे, पोस्टग्रेसमध्ये बघतो आणि न बघणारा आयलाईक वेगळा आहे, मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगला बघत नाही. देवनागरीत ? वापरताना एक लक्षात ठेवा, मात्रा वेगळी मोजली जाते. ‘के’ आपल्याला एक अक्षर, एक्सेलला दोन, क आणि वरची मात्रा. म्हणून ‘राम’ला तीन प्रश्नचिन्हं लागतात.

देवनागरीचे अदृश्य घोळ

हे इंग्रजीवाल्यांना कळणार नाही, आपल्यालाच निस्तरायचं आहे. स्क्रीनवर तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे असू शकतात. ‘ॲप’मधला ॲ एका कीबोर्डवरून एकच कोड म्हणून येतो, दुसऱ्यावरून अ आणि वर चंद्र असे दोन कोड येतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या कोणी ऱ वापरून टाईप करतो, कोणी साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारा जोडाक्षरी कोड टाकून. ‘दुःख’मधला विसर्ग बरेच जण साध्या कोलनने लिहितात. आकडे ‘१२’ देवनागरीत आणि तेच इंग्रजीत, हेही फिल्टरला वेगळे. मग अनुस्वार आहेच: कंप्लेंट, कम्प्लेंट, कंप्लेन्ट.

उपाय एकच, मूळ कॉलमला हात न लावता शेजारी ‘शोधासाठी वर्णन’ असा कॉपी कॉलम करा आणि त्यात फाइंड-रिप्लेसने हे सगळे एकाच रूपात आणा. बदलायचा भाग टाईप करू नका, त्या सेलमधूनच कॉपी करून फाइंडच्या डब्यात चिकटवा, नाहीतर तुमचा कीबोर्ड त्याच्या सवयीचाच कोड टाकेल.

रिकामे सेल, आणि माझी ती यादी

सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. मी डेटाबेसवर अट लिहिली होती: स्थिती क्लोज्ड नाही. वाटलं की जे क्लोज्ड नाही ते सगळं येईल. पण नवीन आलेल्या काही कंप्लेंटना स्थितीच दिलेली नव्हती, तिथे नल होता. एसक्यूएलमध्ये नल म्हणजे ‘माहीत नाही’. ‘माहीत नसलेली गोष्ट क्लोज्ड नाही का?’ याचं उत्तर खरं पण नाही, खोटं पण नाही, तेही ‘माहीत नाही’च, आणि फिल्टर फक्त खरं उत्तर आलेल्या ओळी पुढे सोडतो. म्हणून नलवाल्या सगळ्या ओळी गाळल्या गेल्या. पाहिजे होतं: स्थिती क्लोज्ड नाही ऑर स्थिती इज नल. तिथे ‘बरोबर नल’ असं लिहूनही चालत नाही, ‘इज नल’च लागतं. ‘या यादीतलं सोडून बाकीचं दे’ म्हणणाऱ्या नॉट इनच्या यादीत एक जरी नल घुसला तर एकही ओळ येत नाही, हे तर अजून भयानक.

गंमत म्हणजे एक्सेलचा ‘डझ नॉट इक्वल’ रिकामे सेल ठेवतो. त्यामुळे तोच प्रश्न एक्सेलमध्ये आणि डेटाबेसमध्ये विचारला तर आकडे वेगळे येतात आणि मग कोणाचं बरोबर यावर भांडण.

तारखेतही असंच काहीतरी आहे पण छोटं. ‘३१ मार्चपर्यंत’ म्हणून बिटवीनमध्ये नुसती ३१ मार्च लिहिली आणि कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही असेल, तर ३१ तारखेचा मध्यरात्रीनंतरचा सगळा दिवस बाहेर राहतो. त्यापेक्षा ‘१ एप्रिलपेक्षा कमी’ लिहा. आणि एक्सेलमध्ये तारीख सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेली दिसली तर बहुधा ती तारीख नसून मजकूर आहे, तिच्यावर तारखेचा फिल्टर चालणार नाही.

शेवटची पायरी: मोजून बघा

अट लावली की आलेल्या ओळी मोजा. मग उलटी अट लावून मोजा. मग रिकामे मोजा. तिन्हींची बेरीज एकूण ओळींएवढी आली पाहिजे, फक्त एक्सेलमध्ये उलट्या अटीतच रिकामे येत असतील तर ते परत मोजू नका. त्या दिवशी मी एवढं केलं असतं तर यादी पाठवायच्या आधीच घोळ दिसला असता. मग आलेल्यातल्या दहा ओळी कुठूनही उचलून वाचा, आणि न आलेल्यातल्याही दहा. हे दुसरं काम कोणी करत नाही, पण सुटलेलं तिथेच सापडतं.

बेरीज करताना समऐवजी सबटोटल वापरा, सम लपलेल्या ओळीही मोजतो. फिल्टर लावलेल्या शीटमध्ये बाहेरून आणलेल्या दहा ओळी पेस्ट करू नका, त्या लपलेल्या ओळींवर जाऊन बसू शकतात. गूगल शीट्सवर चार जण एकत्र काम करत असाल तर साधा फिल्टर न लावता फिल्टर व्ह्यू करा, नाहीतर तुमच्या फिल्टरमुळे बाकीच्यांच्या ओळी गायब होतात आणि ते तुम्हाला फोन करतात. आणि दुसऱ्याची फाईल उघडली की आधी बाणांवर गाळणीचं चिन्ह कुठे दिसतंय का बघा, जुना फिल्टर कुठेतरी उजव्या टोकाच्या कॉलमवर बसलेला असतो.

एक राहिलं. एक्सेलचा बाणवाला फिल्टर डेटा बदलला म्हणून आपोआप बदलत नाही. कोणी पेंडिंगचं क्लोज्ड केलं तरी ती ओळ पेंडिंगच्या यादीत तशीच दिसत राहते. यादी पाठवायच्या आधी कंट्रोल ऑल्ट एल दाबा, फिल्टर परत लागतो, आणि खालच्या पट्टीवर किती ओळी सापडल्या तो आकडा परत एकदा वाचा.